नातेवाईक सोडून

आमचे हे लोकांची छपरं ड्रोन उडवून तपासतात. स्वस्तात मिळालं तर आजारपणही विकत घेतील. ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला तर भरपाई देणारा विमा निवडायला यांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं आणि शेवटी सगळ्यात स्वस्त तोच घेतला. परक्याला लागलं तर भरपाई, नातेवाइकाला लागलं तर काही नाही. "आपल्या माणसांवर कोण पाडतंय?" म्हणे.

पुढच्याच आठवड्यात आमचंच छप्पर तपासताना ड्रोन थेट माझ्या बाबांच्या टकलावर पडला. विम्याचे साहेब चौकशीला आले. बँडेज बांधलेल्या बाबांकडे बघून त्यांनी यांना विचारलं, "हे तुमचे कोण?"

"कोणीच नाही," हे बिनदिक्कत म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. बाबा मात्र खूश झाले. "लिहून घ्या, साहेब. लग्नापासून मी हेच बोंबलतोय!"