पाव तास आधीची सनई

आकाशाची एवढी काळजी वाहणारा माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसावा, असं मी छातीठोकपणे सांगतो. आणि मोजल्याशिवाय मी सहसा काही सांगत नाही. धर्मापुरीच्या महादेवापुढे पहाटे सनई वाजवणारे हे गृहस्थ साऱ्या गावाचेच मामा होते. माझं किराणा दुकान. रद्दीत आलेली वर्तमानपत्रं मी पुड्यांसाठी फाडत असे आणि मामा त्यांतले शास्त्रीय शोधांचे तुकडे उचलून नेत. बातमीचा अर्धा भाग कुणाच्या तरी गुळाबरोबर गेलेला असे. तेवढा भाग मामा स्वतः रचत. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला वर्षं लागतात, एवढंच एकदा हाती लागलं. मामा दोन दिवस मान वर करून हिंडले. मग दुकानात येऊन म्हणाले, "आप्पा, तिकडचा दिवा कवाच इझला आसंल, आन् आपुन आजून बघतोय. मंग माझी कालची सनई बी कुटंतरी चाललीच आसंल की!"

आवाजालाही वेळ लागतो हे दुसऱ्या तुकड्यात आलं आणि घोटाळा झाला. मामा पहाटेची सनई पाव तास आधीच सुरू करू लागले. पुजारी ओलं धोतर सावरत ओरडत आले. मी मामांना हिशेब करून दाखवला: तुमच्या जागेपासून पिंडीपर्यंत चाळीस पावलं, सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. माझा ओटा आठशे चाळीस पावलांवर, तिथंही दोनच सेकंद. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा हिशोब बराबर हाय. पर देव लई म्हातारा. कानात शिरलेलं ध्यानात यायला येळ लागतो." पुजाऱ्यांनी हात जोडले.

अशात देशमुखांनी हैदराबादेहून गाण्याचं यंत्र आणलं. शिवरात्रीपासून पहाटे देवापुढे हेच वाजेल, मामांनी आता आराम करावा, असं ठरलं. मामांना ना बायको, ना पोर. सूर धरणारा जोडीदारही वारलेला. पहाटेची सनई वजा केली तर त्यांच्या दिवसात काय उरतं, हे मला मांडवेना. मामा मात्र यंत्र बघायला हौसेनं गेले. कर्ण्यात डोकावले. एकच तबकडी दोनदा लावायला लावली आणि मला हळूच म्हणाले, "गळा लई गोड हाय, आप्पा. पर कालची सकाळ आन् आजची सकाळ, ह्याला सारकीच."

शिवरात्रीला देवळाचं आवार भरलं होतं. गाणं रंगात आलं आणि यंत्राची चावी उतरली. तबकडीतल्या बाईचा आवाज जड होत होत म्हशीसारखा निघू लागला. लोक हसले. देशमुखांचा चेहरा पडला.

"हासता कावून बे?" मामा गर्दीवर खेकसले. "सोबत्याचा दम सरलाय माझ्या!"

सनईवाल्यांची रीतच आहे, जोडीदाराचा श्वास तुटला की दुसऱ्यानं सूर झाकून घ्यायचा, ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मामांनी सनई ओठाला लावली आणि त्या घसरणाऱ्या सुराचा हात धरून तेही खाली उतरले, सावकाश, तळापर्यंत. यंत्र थांबलं. तिथून ते गाणं त्यांनी एकट्यानं उचललं आणि असं वर नेलं, की ते मुळात तसंच असावं असं सगळ्यांना वाटलं. किती वेळ वाजवलं, ते मी मोजलं नाही.

देशमुखांनी तबकडी उतरवून ठेवली. "मामा, हे यंत्र घरीच बरं. उद्या पहाटं तुमीच या."

"येतो की," मामा म्हणाले, "पाव तास आधी."

मामा जाऊन आता सहा वर्षं झाली. नवा सनईवाला चांगला आहे, वेळेवर सुरू करतो. माझ्या ओट्यावर त्याची सनई दोन सेकंदांत पोचते. तरी मी पहाटे पाव तास आधीच येऊन बसतो. तारे अजून असतात. रस्त्यावर कोणी नसतं. मी मान वर करून कान देतो. मामांची सनई कुठवर पोचली असेल, याचा हिशेब करत नाही.