निळ्या पॉपलिनचा ड्रेस

आमच्या घरात वॉटर पार्कचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून हसायला लागतात. 'आता हिची गाडी सुटणार,' म्हणतात. सुटतेच. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. एका बाईला पूर्ण तिकीट काढून पाण्याच्या काठापर्यंत आणलं आणि मग दिवसभर पिशव्या राखायला बसवलं, यात कुणाला विनोद दिसत असेल तर त्यानं तो स्वतःपाशी ठेवावा.

ती बाई म्हणजे माझी आई.

आई राधानगरीकडची. माहेरचं घर नदीच्या अलीकडे आणि म्हशींचं रान पलीकडे. संध्याकाळी म्हशी परत आणायच्या तर पाण्यात उतरावंच लागायचं. पाठीला वाळका भोपळा बांधून ती पोहायला शिकली, आणि दहाव्या वर्षी तो भोपळा तिनं धाकट्या भावाला दिला. हाच माझा मामा. मामा सांगायचा, 'आक्का परकराचा काचा मारून उडी टाकायची, आनी मी भोपळा बांधून काठावर रडत बसायचो. शिकलोच न्हाय कदी.' मग तिचं लग्न झालं, ती कोल्हापुरात आली आणि पाणी म्हणजे पहाटे नळाला येणारं, हंडे-कळशा भरून ठेवायचं पाणी एवढंच उरलं. रंकाळ्यावर आम्ही भेळ खायला जायचो, तेव्हा ती कट्ट्यावर बसून पाण्याकडे बघत राहायची. वीस-बावीस वर्षं तिनं पोहायला म्हणून पाण्यात पाय घातला नव्हता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नववीची परीक्षा दिली होती आणि शहरापासून तासाभराच्या अंतरावर, हायवेच्या कडेला, नवा वॉटर पार्क झाला होता. वर्गातल्या अर्ध्या मुली जाऊन आल्या होत्या. मी आणि धाकट्या भावानं घर डोक्यावर घेतलं. बाबा शेवटी 'जाऊ या' म्हणाले. मामी माहेरी गेलेली असल्यामुळे मामाही एकटाच यायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी आईनं चपात्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, 'तितं पाण्यात बायका काय घालत्यात गं?'

मी म्हटलं, 'साडी चालत नाही.'

'मग काय चालतंय?'

'ड्रेस चालतो की.'

मी हे ऐकीव सांगितलं. नीट चौकशी करावी, कुणाला तरी विचारावं, असं काही मला सुचलं नाही. चौदा-पंधराव्या वर्षी माणसाला सगळं माहीत असतं.

आईनं जन्मात ड्रेस घातला नव्हता. आमच्या गल्लीत त्या वयाची कुठलीच बाई घालत नव्हती. पण तिनं मामाला निरोप धाडला. मामा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता. मांडीवर ताणून, बोटांनी चाचपून कापड कसलं आहे ते तो डोळे मिटून सांगायचा. त्यानं स्वतःच्या मागावरचं पॉपलिन आणलं, एका ओळखीच्या माणसाकडून गडद निळं रंगवून. गडद अशासाठी, की भिजल्यावर अंग दिसू नये. आईनं ते मिठाच्या पाण्यात भिजत घातलं, रंग उतरू नये म्हणून. तीनदा धुतलं, आटायचं तेवढं आधीच आटावं म्हणून. मग घरच्या मशीनवर शिवलं. मनगटापर्यंत बाही, गुडघ्याच्या खाली कुर्ता, प्रत्येक शिवण दुहेरी, नाडी दोन पदरी. बाईनं कशाकशाचा विचार केला होता! एकाच गोष्टीचा केला नाही, कारण ती आमच्या घरात कुणाला सुचलीच नसती. मामाच्या लेखी कापड म्हणजे सूत. 'नायलॉन म्हंजी प्लॅस्टिकची पिशवी,' तो म्हणायचा, 'भाजी ठिवावी त्यात, मानूस न्हाय.' नायलॉनवाचून कुणाचं अडेल, असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मे महिन्यातला रविवार होता. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून आम्ही पोचलो, तर गेटवर अख्खा जिल्हा लोटलेला. बाया, बापे, कडेवरची पोरं, म्हातारी माणसं, सगळी उन्हात उभी. रांग म्हणायची पण रांग नव्हती, ज्याचं कोपर दणकट तो पुढे. गेटवरच्या माणसानं आमची पिशवी उपसली, धपाटे, दहीभात आणि खर्ड्याचा डबा बाहेर काढला आणि 'बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही' म्हणून झाडाखाली ठेवायला लावलं. तिथं दोनशे डबे तरी असतील. माणसांनी पहाटे उठून रांधलेलं अन्न मातीत ओळीनं मांडलेलं. माझ्या घरच्यांना वाटतं माझा राग या डब्याचा आहे. तोही आहे, नाही कशाला म्हणू? पण डबा संध्याकाळी परत मिळाला.

आत गेल्यावर आईनं बाथरूममध्ये जाऊन ड्रेस घातला. बाहेर आली तेव्हा ती जरा वेगळीच दिसत होती, चापूनचोपून, चपळ. बाबा बघून नुसते 'हं' म्हणाले. मामा मात्र खूश झाला. 'आक्का, पाक पैलवान दिसायलीस!' ती हसली आणि भराभरा चालत लाटांच्या तळ्याकडे निघाली. आम्ही मागे. तिला एवढं भराभर चालताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तिचा उजवा पाय पायरीवरच्या पाण्यात पडला आणि शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारा पिवळ्या टोपीतला वाचमन तरातरा आला. 'ओ मावशी, बाहेर या. कॉटन चालत नाही.'

आईला कळलंच नाही. ती म्हणाली, 'ड्रेस हाय की.'

'ड्रेस चालत नाही. नायलॉनच पाहिजे. बोर्ड वाचला नाही का?'

बोर्ड होता. कपाटाएवढा होता आणि इंग्रजीत होता.

मामा पुढे झाला. 'का ओ पावणं, सुती कापडानं काय घोडं मारलंय तुमचं?'

'धागे सुटतात. मशीनमध्ये अडकतात.'

एवढं त्यानं म्हणायला नको होतं. मामानं आईची बाही धरली, दोन्ही हातांनी ताणली आणि त्याच्यापुढे केली. 'हे कापड मी इनलंय. माझ्या हातानं. घ्या, वढा. एक धागा काडून दावा, हितनंच माघारी जातो.'

गर्दी जमली. वाचमननं कापडाला हात लावला नाही. 'मला सांगू नका, नियम आहे.'

'आनी ती काय?' मामानं तळ्याकडे बोट केलं. तिथं शंभरेक बापे बनियनवर डुंबत होते. 'ती बन्यानं काय नायलॉनची हाईत व्हय?'

मी अजून विचारते, होती का नायलॉनची? त्या बनियनांचे धागे सुटत नव्हते, ते कुठल्या मशीनमध्ये अडकत नव्हते, त्यांच्यासाठी शिट्टी नव्हती. शिट्टी होती ती दुहेरी शिवणीच्या, तीनदा धुतलेल्या, गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या माझ्या आईसाठी. वाचमन खांदे उडवून म्हणाला, 'भाड्यानं मिळतो कॉस्च्यूम. तिकडं काउंटर आहे.' आणि निघून गेला. मामा त्याच्या पाठीला उद्देशून जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मला जास्तीचा वाटत नाही.

काउंटरवरही झुंबड होती. पोरगेलासा एक क्लार्क ओल्या कपड्यांच्या ढिगातून मापं काढून फेकत होता, कुणीतरी नुकतेच उतरवलेले, पाणी गळणारे कपडे. माझ्या मापाचं एक लगेच मिळालं, आईच्या मापाचं एकच उरलं होतं. काळी, गुडघ्यापर्यंतची नायलॉनची चड्डी आणि वर बिनबाह्यांचा झगा. आईनं तो हातात घेतला. मला वाटलं ती फेकून देईल. पण तिनं तो झटकला, कमरेला लावून बघितला, चड्डीचं इलॅस्टिक ताणून बघितलं. बाबा दुसरीकडे बघत होते. मामा अजून वाचमनवर धुमसत होता. आणि तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माझ्या मागे, चार माणसं सोडून, माझ्या वर्गातल्या दोघीजणी उभ्या होत्या.

मी म्हटलं, 'नको गं आई. कसं दिसेल ते?'

तिनं तो झगा काउंटरवर ठेवला. नुसता टाकला नाही. ओल्या चड्डीवर झगा ठेवून नीट चौकोनी घडी घातली आणि मग ठेवला. 'जावा तुमी,' म्हणाली, 'मी पिशव्या बघतो.'

आणि आम्ही गेलो! हे सांगताना आजही माझे कान तापतात. आम्ही गेलो आणि आम्हाला मजा आली. भाऊ घसरगुंडीवरून नऊ वेळा आला. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा व्हायचा, तो पहिल्यांदा झाला तेव्हा मामा सवयीनं पाण्यातून उठून बाहेर निघाला. कारखान्यात भोंगा झाला की पाळी सुटते, एवढंच त्याला माहीत. आम्ही पोट धरधरून हसलो. बाबांनीही, ज्यांना धड पाण्यावर तरंगता येत नव्हतं, नाक दाबून बुड्या मारल्या. आमच्या पाच जणांत ज्या एका माणसाला पोहता येत होतं ते माणूस एका सिमेंटच्या छत्रीखाली, पाच जणांच्या चपला पायाशी ओळीनं लावून, निळ्या ड्रेसमध्ये बसलं होतं. अधूनमधून ओळखीची ना पाळखीची माणसंही येऊन तिच्यापाशी पिशव्या ठेवत होती. 'मावशी, जरा बघता का?' मावशी बघत होती. तिच्याभोवती पिशव्यांचा ढीग झाला होता.

सलवारीची उजव्या पायाची कड तेवढी ओली झालेली होती. दुपारपर्यंत तीही वाळली.

घरी आल्यावर मी सगळ्यांना धारेवर धरलं. वाचमनला, त्या बोर्डाला, इंग्रजीला, पार्कच्या मालकाला. बाबांनाही सोडलं नाही, 'तुम्ही तोंडातनं चकार शब्द काढला नाहीत' म्हणून. आई भाकऱ्या थापत होती. पुढच्या आठवड्यात तिनं त्या ड्रेसची शिवण उसवली आणि उशांचे चार अभ्रे शिवले. म्हणाली, 'चांगलं कापड वाया कशाला?' त्या निळ्या अभ्र्यांवर झोपून मी दहावी झाले, बारावी झाले, पदवीधर झाले. लग्नानंतर माहेरी आले की अजून तेच अभ्रे. धुवून धुवून ते आकाशाच्या रंगाचे झाले, पातळ झाले, पण मामाचं म्हणणं खरं होतं, त्यातला एक धागा कधी सुटला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो अभ्रा दाखवायचे आणि वाचमनची गोष्ट सांगायचे. गोष्ट फार रंगवून सांगायचे मी. काउंटरपर्यंत मात्र ती कधी न्यायचे नाही. 'आणि मग आई बिचारी पिशव्या राखत बसली' म्हणून संपवायचे.

माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिनं त्याच पार्कचा हट्ट धरला. मी तावातावानं बाजारात गेले आणि आईसाठी नायलॉनचा कॉस्च्यूम आणला. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, आता असे मिळायला लागले होते. या वेळी कुठला वाचमन शिट्टी वाजवतो ते बघतेच, असा माझा आवेश. आईच्या हातात पुडकं दिलं आणि नेहमीचं सुरू केलं. त्या माणसाला लाज नव्हती, बनियनवाले चालत होते, बोर्ड इंग्रजीत होता.

आई कापड बोटांत चोळून बघत होती. मध्येच म्हणाली, 'त्या वाचमनचं काय घिऊन बसलीयास गं इतकी वर्सं? त्यो परका मानूस. मला पवाय येतंय का न्हाय, त्येला काय ठावं?'

मी म्हटलं, 'म्हणून काय वाट्टेल ते—'

'तुला ठावं हुतं की,' ती म्हणाली. 'मी तुझ्याकडं बघितलंतं.'

आवाज चढवला नव्हता. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडायला मी कधीच कमी पडत नाही. मी तिथंच निळ्या अभ्र्याच्या उशीला टेकून बसून राहिले. जगातल्या सगळ्यांवर चिडून झालं होतं आणि जिच्यावर चिडायचं राहून गेलं होतं ती मीच होते.

आईनं कॉस्च्यूम झटकला, बाह्या आत दुमडल्या, चौकोनी घडी घातली. मला वाटलं, आता ती मला परत देणार. तिनं तो स्वतःच्या पिशवीत ठेवला.

'उद्या पिशव्या कोन बघनार मग?' तिनं विचारलं.

'मी,' म्हटलं.