दोन डबे, दोन आलेख

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘फुटपट्टीबाई’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रयोगाचे आलेख काढून घेताना त्यांचं एकच पालुपद असे, “कोपऱ्यात मुंगीएवढा आलेख नको. कागद भरू दे.”

त्यांची लेक त्याच शाळेत, आठवीत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिचा शब्द पहिल्या अक्षरावरच अडायचा. यंदा मात्र तिने आपणहून विज्ञान प्रदर्शनात नाव दिलं. गरम पाण्याचे दोन डबे, एक उघडा, एक जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. कुठलं पाणी लवकर निवतं ते मोजायचं. आईने करून दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून बाईंनी लक्ष घातलं नाही. आरशासमोर चाललेलं भाषण तेवढं ऐकू यायचं, आणि त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

सभागृहात मंचावरच्या फळ्यावर लावलेले आलेख बाईंनी पहिल्यांदा पाहिले. दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या उतरत होत्या. खाली निष्कर्ष : लोकरीने फरक पडत नाही. पण उघडा डबा चाळीस अंशांवर आला होता, गुंडाळलेला साठावरच. प्रत्येक कागद भरावा म्हणून लेकीने दोन्हींवर अंशांचं प्रमाण वेगवेगळं घेतलं होतं.

“जुळी भावंडंच की!” गणिताचे सर हसले. “परीक्षक सोडायचे नाहीत हो, बाई.”

सांगावं तर पाठ केलेलं भाषण कोसळणार. न सांगावं तर सगळ्यांसमोर फजिती. बाईंनी लेकीला बाजूला घेतलं.

“अगं, डावीकडचे आकडे बघ. दोन्हीकडे सारखे आहेत का?”

लेकीचा चेहरा उतरला. “तूच म्हणतेस ना, कागद भरू दे?”

“तुलना करायची तर प्रमाण एकच हवं. हे मी सांगायला हवं होतं गं.”

“मग आत्ता सांगतेस?”

तेवढ्यात तिला मंचावर पुकारलं.

“दो... दोन्ही...” मागे कुणीतरी खुसखुसलं. पुढचा शब्द बाईंच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला. “दोन्ही रेषा सारख्या दिसतात. पण स... सारख्या नाहीत. प्रमाण वेगळं आहे. स्वेटरमधलं पाणी जास्त गरम राहिलं.”

“मग निष्कर्ष असा कसा?” परीक्षकांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडूनच पेन मागून घेतलं, निष्कर्षावर काट मारली आणि खाली उतरली. परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

लेकीला बसायला जागा व्हावी म्हणून बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. लेक समोरून आली आणि त्यांच्याकडे न बघता मैत्रिणींच्या रांगेत जाऊन बसली. पुढच्या मुलाचं भाषण सुरू झालं. बाईंना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. ही पुन्हा कधी आपणहून नाव देईल का, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.