सात खणांची परमिट रूम

मिस्त्रीनानांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाही. पण धुळ्यातल्या त्या जुन्या परमिट रूममध्ये त्यांच्याइतकं नियमित गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. नाना माझ्या बायकोचे काका, हाडाचे सुतार. दार उघडलं की आत जायचं, एक सोडा मागवायचा आणि मान वर करून छत पाहत बसायचं.

मी जळगावहून सासुरवाडीला गेलो, की मलाही धरून न्यायचे. पहिल्यांदा नेलं तेव्हा मला वाटलं, चला, सासरकडून जावयाचं काहीतरी भलं होतंय! नानांनी दोन सोडा मागवले आणि ओरडले, "जवाई, वर देख! बठ्ठा साग शे!" शेजारच्या टेबलावरचा ग्लास ओठांशीच थांबला. सगळं सागवान म्हणे; मला मात्र काळं छत दिसलं आणि एक पंखा. घरी बायकोनं विचारलं, "दोन तास काय केलं तिथं?" म्हटलं, "छत पाहिलं." तिनं माझं तोंड हुंगलं. वास येत नाही म्हटल्यावर तिचा संशय उलट वाढला.

नाना इमारत मोजायचे खणांत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ही सात खणांची. आधी कापसाच्या व्यापाऱ्याची पेढी, मग लॉज, मग परमिट रूम. तुळईत एक जाडजूड लोखंडी कडी होती. जुनी गिऱ्हाइकं शपथेवर सांगत, की तिला चोर टांगायचे. नाना चिडायचे. "चोर का इतला वजनदार व्हता? कापूस तोलाना काटा टांगेत तठे!"

मागच्या वर्षी मालकाच्या मुलानं ठरवलं, खालून पीओपीचं छत मारायचं आणि एसी बसवायचा. सोमवारी माणसं येणार होती. नानांचा चेहरा उतरला.

"कसाले झाकस रे भो?"

"नाना, कळकट दिसतं. तुमच्याशिवाय वर पाहतं कोण?"

"एक खण धुवू दे. कोनी वर नही देखं, ते खुशाल झाक."

शनिवारी पंच्याहत्तरीचे नाना लाकडी घोडीवर चढले. घोडी धरायला मी, आणि साबणाचं काळं पाणी झेलायलाही मीच. विड्यांच्या आणि फोडणीच्या धुराची पुटं निघाली आणि आतून मधासारखं लाकूड उजळलं. चौथ्या तुळईच्या पोटाला छिन्नीनं कोरलेला आकडा दिसला: पाच. नानांनी घाईघाईनं पाचवी पुसली. तिच्यावर चार!

"चुकनात रे! बठ्ठा जन चुकनात!" नाना वर नाचायचेच बाकी राहिले, आणि मी खाली घोडीला मिठी मारली. तुळया जमिनीवर ज्या-त्या जागेच्या मापानं कापून त्यांच्यावर आकडे घालायचे, अशी रीत. चढवताना या दोघींची अदलाबदल झाली होती. एक आखूड पडली, म्हणून तिच्या टोकाशी भिंतीत पाचर ठोकून कारागिरांनी चूक दडपली होती. नाना ती पाचर असे दाखवत होते, जणू चोर रंगेहाथ सापडला!

सगळी टेबलं उठली. कुणी खुर्चीवर चढलं, कुणी मोबाइलचा टॉर्च लावला. एकजण म्हणाला, "नाना, आम्हाला रोजच चारचे पाच दिसतात. आज पहिल्यांदा खरे निघाले!" मालकाचा मुलगा काउंटरमागून त्या वर वळलेल्या माना पाहत होता. मग त्यानं फोन लावला. "सोमवारचं काम राहू द्या."

दिवाळीपर्यंत नानांनी तीन खण धुऊन, जवसाचं तेल पाजून लखलखीत केले. दिवाळी झाली आणि नाना गेले. भेटायला आलेल्या मालकाच्या मुलानं विचारलं, "बाकीच्या चार खणांना मजूर लावू?" मी म्हणालो, "नको, मी करतो." हे कोण बोललं म्हणून मीच मागे वळून पाहिलं. घरी खिळा ठोकायचा तर बायको मला आधी खोलीबाहेर काढते.

पहिल्या रविवारी निम्मं पाणी माझ्या डोळ्यांत गेलं. दुसऱ्या रविवारी बायको सोबत आली. "एकटे पडाल," एवढंच म्हणाली. परमिट रूमच्या दारात क्षणभर थबकली, गल्लीत कुणी पाहतंय का ते बघितलं आणि आत आली.

"नाना कुठं बसायचे?"

मी टेबल दाखवलं. ती खुर्चीवर बसली, मान वर केली. मग डोळे पुसून उठली आणि दोन्ही हातांनी घोडी घट्ट धरली.

"चढा. उजवा कोपरा राहिलाय."