करमाडच्या शेडमधला यांत्रिक हात

मला घरात बसून काही ठरवता येत नाही. एसटीत बसलं की डोकं चालतं. नाशिकला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसांचं. ज्या कंपनीच्या कामावर आमचं पोट, तिनं सांगून टाकलंय: पाचशे-पाचशेचे लॉट विसरा, यापुढं वीस नग, दर वेळी वेगळे, तेही आठवड्यात. थोडक्यात, दर वेळी नवं काम पटकन शिकणारा रोबो घ्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. आणि रोबो घेतला, तर सव्वीस वर्षं आमच्याकडे वेल्डिंग करणाऱ्या दत्तूभाऊंचं काय? सोमवारी उत्तर द्यायचं होतं, म्हणून शनिवारी साडेसहाची छत्रपती संभाजीनगर गाडी पकडली.

बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात. येवल्यापुढं रस्ता हाडं मोजतो, खिडकीची जागा पुढच्या बाजूला धरा. वैजापूरला दहा मिनिटं थांबणार म्हणालेली गाडी कांद्याच्या ट्रॅक्टरांमुळे अर्धा तास अडकली. तेवढ्यात दोन प्लेट भजी झाली, आणि माझं ठरलंही: रोबो नकोच!

शहरात गारखेड्याला मावसबहिणीकडे जेवले. तिच्या मिस्टरांनी, म्हणजे भाऊजींनी, शहराबाहेर करमाडला आपल्या जुन्या शेडमध्ये रोबो बसवलाय, तो बघायचा होता. जालना रोडनं शेंद्र्याच्या पुढं गेलो. बाहेर तुरीचं शेत, आत एक पिवळा हात ठिणग्या उडवत होता.

"मोठा कारखाना कशाला पायजे, ताई?" भाऊजी सुरूच झाले. "गावोगावी अशी एक शेड. लागंल तेवढंच बनवायचं, तिथल्या तिथं."

मशीनवरची सुनंदा म्हणाली, "मी आधी पार वाळूजला कंपनीत जायची. अंधारात निघायचं, अंधारात यायचं. आता दुपारी घरी जाऊन जेवते." मला तिचं लई बरं वाटलं. रोबो घ्यायलाच हवा, असं झालं.

"माणसं किती, भाऊजी?"

"तीन."

"आधी?"

"नऊ व्हती." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

इतक्यात तो हात काम सोडून मागं सरकला आणि नुसताच थांबला. "बिघडला की काय?"

सुनंदा हसली. "नाय हो. उस्तादांची सवय हाय ती."

या रोबोला मनगट धरून काम शिकवतात. इथले जुने वेल्डर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी शिकवलं. दोन सांधे झाले की मागं सरून, मास्क वर करून बघायचं, ही त्यांची रीत. मशीननं तीही उचलली. रोबो बसवणारा इंजिनिअर म्हणाला, काढून टाकतो, नग वाढतील. उस्तादांनी साफ नकार दिला.

उस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसून तयार नग हातानं चाचपत होते. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"किसका बुरा, मॅडम? मेरी आँखां कमजोर हुईं. इसको सिखाया, तो मेरी रोजी रही." मग नग खाली ठेवून म्हणाले, "बाकी छे जनों का मेरेकू मत पूछो."

संध्याकाळी इथला नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा नि नान, खाल्ला. उत्तम असतो, तुम्ही जरूर खा. मला मात्र चव लागेना. परतीला वैजापूर कधी गेलं तेही कळलं नाही. कोण बरोबर? सुनंदा की ते सहा जण? छे, डोक्याचा पार भुगा झाला.

सोमवारी वर्कशॉपमध्ये दत्तूभाऊंना सगळं सांगितलं. सहा जणांचंही. त्यांनी हातमोजे काढले.

"वहिनी, बाहेरचा वेल्डर आणू नका. मीच शिकवतो रोबोला."

"आणि मग तुम्ही?"

"त्याचं शिकून झालं की मला 'उद्यापासून येऊ नका' सांगायला तुम्ही स्वतः या. कुणाला पाठवू नका."

"तसं काही होणार नाही," मी म्हणाले खरी, पण आवाज माझा मलाच पटला नाही. कंपनीला होकार कळवला. बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही. तेव्हापासून मी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं, की दत्तूभाऊ हातातलं काम थांबवून आधी माझ्या तोंडाकडे बघतात.