सैनिकाच्या खिशातल्या दोन स्लाइड

त्या बुधवारी मी देवाशी भांडले, हे आधीच कबूल करते. वसईत आईच्या मांडीवर बसून रोझरीची प्रार्थना म्हणत मी वाढले. पण त्या दिवशी ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणायला जीभ वळेना. सहा वर्षांच्या पोरीला भर युद्धात रक्ताचा कॅन्सर व्हावा, ही कोणाची इच्छा?

मी सिडनीतल्या एका लॅबमध्ये रक्ताच्या आजारांचं निदान करणारी डॉक्टर आहे. माझी मैत्रीण हेलन लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करते आणि सैन्याची राखीव डॉक्टरही आहे. मध्यंतरी तिची एका युद्धग्रस्त देशातल्या छावणीत चार महिन्यांसाठी नेमणूक झाली. तिथलं रुग्णालय फक्त सैनिकांसाठी. पण एक आई लेकीला पाठुंगळीला मारून आली आणि तीन दिवस फाटकाशी बसून राहिली. शेवटी हेलनने दोघींना आत घेतलं. पोरगी पांढरीफटक, अंगावर निळे डाग. शेजारच्या देशातलं मुलांचं हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं आणि शुक्रवारी सैन्याचं विमान तिकडे जाणार होतं. पण वरच्या कार्यालयाने कळवलं, निदानाचा लेखी रिपोर्ट नसेल तर स्थानिक नागरिकाला विमानात जागा नाही. अहो, रिपोर्ट देणार कोण? त्या शहरातली एकुलती एक लॅब बॉम्बने जमीनदोस्त झालेली! बॉम्ब टाकताना कोणी कागद मागितला नाही, पोरीला वाचवायला मात्र कागद हवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हेलनने पोरीच्या बोन मॅरोचे, म्हणजे हाडातल्या मगजाचे, नमुने रजेवर परतणाऱ्या एका सैनिकाबरोबर पाठवले. बुधवारी दुपारी डबा माझ्या टेबलावर आला. झाकण उघडताच नमुने टिकवायच्या फॉर्मलिन या रसायनाचा भपकारा आला. हाडाचा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत आणि मॅरो पसरलेल्या काचेच्या कोरड्या स्लाइडही त्याच डब्यात! फॉर्मलिनची वाफ लागली की स्लाइडवरच्या पेशी नीट रंग धरत नाहीत, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तरी रंगवून पाहिल्या, तर सगळा निळा-हिरवा चिखल. हाडाचा तुकडा तयार व्हायला तीन दिवस लागणार होते, तोवर विमान गेलेलं असतं. मी हेलनला फोन लावून यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, “मेट, आय फॉलोड युअर लिस्ट.”

नमुने कसे पाठवायचे, ते हेलन निघताना मीच लिहून दिलं होतं. ती यादी डब्याच्या तळाशीच होती, माझ्याच अक्षरात. ‘सगळं एकाच डब्यात घट्ट पॅक कर, काही हरवायला नको.’ माझी आई मला पाठवताना लोणचं, सुकी मासळी, औषधं एकाच डब्यात कोंबते, तीच अक्कल मी इथे पाजळली होती. स्लाइड वेगळ्या ठेवायचं मी लिहिलंच नव्हतं, कारण लॅबमध्ये ते सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्या जगावर भडकलेली मी, आणि पोरीची वाट अडवली होती मीच.

स्टोअररूममध्ये जाऊन दार लावलं आणि रडले. “देवबापा, मी घाण करून ठेवलीय. आता तूच बघ!” याला प्रार्थना म्हणायचं तर म्हणा. त्यात भक्ती थोडी होती, संताप जास्त.

डोळे पुसून बाहेर आले तर रिसेप्शनवरून निरोप आला होता, डबा आणणारा सैनिक परत आलाय. बिचारा स्टेशनवरून धावत, घामाघूम होऊन आला होता. शर्टाच्या खिशातून पाकीट काढून म्हणाला, “सॉरी, हे द्यायचं विसरलोच. तिथल्या सफाईवाल्या बाईने दिलं. डब्यात घालू नकोस, म्हणून खुणांनी दोनदा बजावलं होतं तिने.” पाकिटात दोन स्लाइड होत्या, कोरड्या, स्वच्छ, सुरेख पसरलेल्या. तासाभरात निदान झालं, संध्याकाळी रिपोर्ट गेला आणि शुक्रवारी मायलेकी विमानात बसल्या.

ती बाई कोण, ते हेलनने नंतर सांगितलं. नाव सलमा. त्या पडलेल्या लॅबमध्ये तिने चौदा वर्षं स्लाइड बनवायचं काम केलं होतं. छावणीने तिला दिलं काय, तर फरशी पुसायचं फडकं! नमुना घेताना ती तिथेच होती. डबा कसा भरला जातोय ते तिने पाहिलं, पण भाषा येत नव्हती, सांगणार कशी? सिरिंजमध्ये उरलेल्या थेंबांतून तिने गुपचूप दोन स्लाइड केल्या आणि सैनिकाच्या हाती दिल्या.

पोरीवर उपचार चालू आहेत, ती जेवते आहे, एवढं मला पुरतं. मी स्टोअररूममध्ये देवाशी भांडत होते, तेव्हा त्याची मदत सैनिकाच्या खिशात बसून सिडनीत पोचलीही होती. सगळं माझ्याच हातून व्हायला हवं, हा हट्ट मी त्या दिवशी सोडला. राग सोडलेला नाही. तोही त्यानेच दिला असावा.

आमच्या रिपोर्टमध्ये स्लाइड करणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. कर्मचारी क्रमांकाशिवाय कॉम्प्युटर नाव घेईना. मी छापील प्रत काढली आणि पेनाने ठळक लिहिलं: सलमा, लॅब टेक्निशियन.