फॉस्फरसच्या बाटलीतलं पाणी

आमचे हे रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवत, पण हंगामी. तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर यांनी फॉस्फीनचा प्रयोग करून दाखवायचा आणि त्यावर नोकरी कायम व्हायची, असं ठरलेलं. फॉस्फरस मुंबईहून बोटीने आला. शाळेच्या कपाटाला कुलूप नव्हतं, म्हणून बाटली आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसली. आत पाण्यात बुडालेल्या मेणासारख्या पिवळट कांड्या.

"पाण्याबाहेर राहिल्या की आपोआप पेटतात," हे मला म्हणाले. कॉस्टिक सोड्यात उकळल्या की वायू निघतो, त्याचा बुडबुडा पाण्यावर येऊन फुटला की पेटतो आणि पांढऱ्या धुराचं कडं वर जातं, हेही सांगून झालं. सासूबाईंना मात्र एवढंच, की औषध आहे. आईला समजावून सांगण्याइतका धीर या विद्वान माणसाला कधीच नव्हता.

मधेच सूर्यग्रहण आलं. हे मुलांना काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण दाखवायला शाळेत गेले. ग्रहणात बाटून टाकावं लागू नये म्हणून लोणच्याच्या बरण्यांत तुळशीची पानं पडली होती. ग्रहण सुटलं तशी मी विहिरीवर गेले, आणि सासूबाईंनी रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून टाकलं. हंडे, कळशा, तांबे. आणि त्या बाटलीतलंही.

मी न्हाऊन, कळशी भरून परतले तर घरात लसणाचा वास. आमच्या सोवळ्याच्या घरात!

"अगो, लसूण कोणी आणली गो?" सासूबाई विचारतायत तोवर, वास जिथून येत होता त्या बाटलीतूनच धूर निघाला, मग जाळ. वर पेंढ्याचं छप्पर. त्यांनी बाटली उचलून अंगणात भिरकावली, पण एक जळता तुकडा बोटांना चिकटला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. होती ती माझ्या काखेतली कळशी. ती घंगाळात ओतून मी त्यांचा हात आत दाबून धरला. त्या खोबरेल मागत होत्या. "हात वर काढायचा नाही!" मी ओरडले. सासूवर ओरडले ती तेव्हाच.

साहेबांसमोर यांनी ऑक्सिजन काढून दाखवला. तो सगळेच काढतात. नोकरी हंगामीच राहिली, आणि सासूबाईंची दोन बोटं वाकडी. हे आईला एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांनी या गुणाचं कौतुक केलं. मला मात्र यांचाच राग आला होता.

पुढे दुसरी बाटली आली, प्रयोग झाला, हे कायमही झाले. पण प्रयोगाआधी, बाटली घरात असतानाच, पुन्हा एक ग्रहण आलं. वर्गात ग्रहण म्हणजे निव्वळ सावली असं शिकवून आलेले हे वृंदावनाकडे गेले, तुळशीचं पान खुडलं आणि बाटलीत टाकलं. मग आईसमोर बसून कांड्या, हवा, जाळ, सगळं सावकाश सांगितलं.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेल्या, हे मला तेव्हा सांगायला काय झालं होतं?" एवढंच म्हणाल्या, आणि वाकड्या बोटांनी बाटलीचं बूच घट्ट केलं.